वीस सेकंदांची उडी

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी मी भंडाऱ्यात औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर होते. गिऱ्हाईक नव्हतं. मोबाईल वाजला आणि माझ्या नवऱ्याच्या नंबरवरून एक व्हिडिओ आला. नवरा म्हणायचं ते फक्त कागदोपत्री. सात वर्षं तो पवनीला राहतो आणि मी मुलीला घेऊन भंडाऱ्याजवळच्या शहापूरला. व्हिडिओ त्यानं पाठवला नव्हता, त्याच्या फोनवरून मुलीनं पाठवला होता. खाली तिनं लिहिलं होतं, ‘आई, माझी उडी पाय ना.’

पवनीच्या घाटाला लागून एक दगडी ओटा आहे, पुरुषभर उंचीचा. खाली वैनगंगा. धरण झाल्यापासून तिथं उन्हाळ्यातही पाणी खोलच असतं. माझी अकरा वर्षांची पोरगी त्या ओट्याच्या टोकावर उभी होती. तिनं नाक दाबलं आणि उडी मारली. ती दिसेनाशी झाली तेव्हा मी उठून उभी राहिले. मग पाण्याच्या वर डोकं आलं, ती हसत होती, आणि मी खुर्चीवर टेकले.

त्यानंतर मला आनंद झाला. ती सुखरूप होती म्हणून झालाच, पण त्याहून मोठा आनंद वेगळा होता. हा माणूस शेवटी माझ्या हातात सापडला होता.

हे समजायला आधीचं सांगावं लागेल. मुलगी तीन वर्षांची असताना मी पवनीच्या स्वयंपाकघरात भाताची पेज गाळत होते. ती मागून आली, माझा पदर ओढला आणि गरम पेज तिच्या पायावर सांडली. डाव्या पोटरीवर तो डाग अजून आहे. त्यानंतर घरात सासूचं आणि माझं जमेना, त्याचं आणि माझंही जमेना, आणि वर्षभरात मी माहेरी शहापूरला आले. दोन्हीकडची मोठी माणसं आमच्या घरी बसली. मी आतल्या खोलीत दाराशी उभी होते. पोरगी कोणाकडे राहील यावर बोलणं आलं तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, “हिच्या हाती पोरगी देऊ नका. उद्या जीव जाईन तिचा.”

माझ्या वडिलांनी मान खाली घातली. कोणी त्याला अडवलं नाही. पुढं कोर्टानं मुलगी माझ्याकडेच दिली, एक रविवार सोडून एक रविवार तिनं बापाकडे जावं असं ठरलं. पण ते वाक्य माझ्या अंगात राहिलं. पोरीला आंघोळ घालताना, तिच्या पोटरीला तेल लावताना मला ते ऐकू यायचं. सात वर्षं मी वाट पाहत होते, हे मला त्या दुपारी काउंटरवर कळलं.

मी त्याला फोन केला. पोरीला एवढ्या वरून पाण्यात उडी मारायला कशी लावली, असं विचारलं. तो म्हणाला की लावली नाही, तिनंच हट्ट केला, दोन उन्हाळे तो तिला पोहायला शिकवतो आहे आणि नदीकाठच्या पोरीला पाण्याची भीती असणं हाच मोठा धोका आहे. मी खालीच होतो पाण्यात, असंही म्हणाला. ते खरं होतं. व्हिडिओ तीन मिनिटांचा होता, घाटावरच्या कोणा पोरानं काढलेला. सुरुवातीला तो स्वतः पाण्यात उतरून बांबूनं खोली पाहतो. त्याचा चुलतभाऊ ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब धरून उभा राहतो. मग तो पोरीला तीन वेळा विचारतो, तयार हाये का. उडी शेवटच्या वीस सेकंदांत होती, आणि तेवढ्यात फक्त पोरगी दिसते.

मी भांडले नाही. ठीक आहे म्हणून फोन ठेवला.

पोरीला तिच्या उडीबद्दल मी काहीच म्हणाले नाही. तिनं संध्याकाळी घरी आल्यावर विचारलं, तेव्हा हो, पाहिला, एवढंच म्हणाले. मग पुढच्या दोन महिन्यांत, ती पवनीहून आली की मी तिला जवळ बसवायचे, आवडीचं खायला द्यायचे आणि काय काय केलं ते विचारायचे. ती मोठ्या अभिमानानं सांगायची. ट्रॅक्टरचं स्टेअरिंग धरलं. मोहाच्या झाडावर चढली. डोंग्यात बसून पल्याडच्या काठावर गेली. शेजारच्या उशीखाली माझा फोन रेकॉर्डिंग करत असायचा.

जुलैमध्ये, भाताच्या रोवण्याच्या दिवसांत, त्याचा फोन शेताच्या बांधीतल्या चिखलात पडला आणि कायमचा बंद झाला. हेही मला पोरीनंच सांगितलं, सहज. त्याच आठवड्यात मी ती रेकॉर्डिंगं घेऊन वकिलाकडे गेले. जाण्याआधी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून व्हिडिओ कापला. कापायला एक मिनिटही लागलं नाही. वकिलानं विचारलं, एवढाच आहे का? मी हो म्हणाले.

कोर्टानं आम्हा दोघांना समुपदेशक बाईंकडे पाठवलं. लहानशी खोली, टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. त्याच्या नखांत अजून चिखल होता. बाईंनी वीस सेकंदांचा व्हिडिओ दोनदा पाहिला. त्यात ओटा होता, पोरगी होती, पाणी होतं. बाप कुठंच नव्हता.

तो म्हणाला की हा पूर्ण नाही, आधी आपण पाण्यात उतरलो होतो. बाईंनी पूर्ण व्हिडिओ मागितला. फोन खराब झाला, असं त्यानं सांगितलं, आणि ते बोलताना त्यालाच ते खोटं वाटल्यासारखं झालं. मग तो माझ्याकडे वळला.

“तुह्यापाशी पूरा आहे. दाखव ना.”

“माझ्याकडे एवढाच आहे,” मी म्हणाले.

त्याला कळलं. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मी नजर हलवली नाही. मग मी बाईंना म्हणाले, “यांच्या हाती पोरगी देऊ नका. उद्या जीव जाईल तिचा.”

त्याला ते वाक्य आठवलं की नाही, हे मला सांगता यायचं नाही. मला वाटतं, आठवलं. त्यानं मान खाली घातली. त्या क्षणाचं सुख मी नाकारणार नाही. बाहेर येऊन मी टपरीवर एकटीनं चहा घेतला आणि इतका चांगला चहा मी कित्येक वर्षांत प्यायले नव्हते.

त्यानंतर बाईंच्या अहवालावरून त्याचं मुलीला पवनीला नेणं बंद झालं. रविवारीच, पण भंडाऱ्यात, त्याच कार्यालयातल्या खोलीत, दोन तास. तो एसटीनं यायचा. दिवाळीनंतर उकडलेले शिंगाडे घेऊन आला, दोघं ते सोलून खात बसले आणि सापशिडी खेळले. मी बाहेरच्या बाकावरून खिडकीतून पाहायचे. नदीत पोरीला खांद्यावर घेणारा माणूस त्या प्लास्टिकच्या खुर्चीत गुडघे जवळ घेऊन बसलेला असायचा. मला ते पाहायला आवडायचं. घरी आल्यावर पोरगी मला काही सांगत नसे. मीही विचारणं थांबवलं होतं. माझं काम झालं होतं.

ती विचारायची ते एकच. बाबा आता काहून नेत नाही? मी म्हणायचे, पाणी जास्त आहे सध्या.

सहा महिन्यांनी बाईंनी सगळ्यांना परत बोलावलं. आधी मुलीशी एकटीशी बोलल्या. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मग आम्हाला आत घेतलं. बाईंनी मुलीला म्हटलं, मला सांगितलंस ते आईबाबांसमोर सांगशील का?

तिनं मान हलवली. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “व्हिडिओ मीच पाठवला होता. त्यात बाबा आधी उतरले होते. ते आईनं काढून टाकलं. तिच्या फोनात पूर्ण आहे, मी पाहिला.”

मग तिनं दप्तरातून एक पेन ड्राइव्ह काढला. तो तिनं मैत्रिणीकडून घेतला होता. त्यात माझ्याच फोनवर काढलेला व्हिडिओ होता. माझ्या स्कुटीच्या मागच्या सीटवरून तिनं तो काढला होता, शहापूरहून भंडाऱ्याच्या शाळेत येताना, हायवेवर. दोन्ही बाजूंनी ट्रक चालले आहेत, मी मधून गाडी काढते आहे, माझ्या डोक्यावर हेल्मेट नाही आणि तिच्याही नाही. किती सेकंदांचा होता ते मी पाहिलं नाही. तो कापलेला होता की पूर्ण, हेही मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्क नव्हता. एवढं मात्र दिसलं की तिनं हे शांतपणे, वाट पाहून, योग्य दिवशी काढलं होतं. कोणाकडून शिकली, ते सांगायला नको.

बाईंनी माझ्या फोनवरचा मूळ व्हिडिओ मागितला. मी तो कधी पुसलाच नव्हता. त्यांनी तो पूर्ण तीन मिनिटं पाहिला. मग त्यांनी मला जे सुनवायचं ते सुनावलं, आणि ते योग्यच होतं. शेवटी त्यांनी त्याला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे?

मी तयार होते. त्यानं ओरडावं, मला खोटारडी म्हणावं, पुन्हा ते जुनं वाक्य काढावं. मग आम्ही बरोबरीचे झालो असतो.

“नाही,” तो म्हणाला. “पोरीच्या भीतीनंच केलं असन तिनं.”

भीतीनं केलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. तरी त्यानं पोरीसमोर माझी लाज राखली. हा उपकार त्यानं माझ्यावर केला, आणि तो मी अजून त्याला माफ केलेला नाही.

आता रविवार पुन्हा पवनीचे झाले आहेत. ओट्यावरून उडी बंद आणि पाण्यात जाताना लाइफ जॅकेट, ही त्याच्यासाठी अट. हेल्मेट ही माझ्यासाठी. दोघंही पाळतो. मुलगी माझ्याशी नीट बोलते, अभ्यासाचं, शाळेचं, दुकानाचं. पवनीचं मात्र एक अक्षर नाही. मी विचारलं तर म्हणते, “मजा आली.”

ती गेली की दिवसभर मी फोन जवळ ठेवते. ती सुखरूप परत यावी, एवढंच मनात असतं, असं मला इथं लिहिता आलं असतं. पण त्याच्या हातून काहीतरी चुकावं, अगदी लहानसं, खरचटण्याएवढं, असंही वाटत असतं. संध्याकाळी एसटी येते, ती उतरते. मी तिचे कोपर, गुडघे, कपाळ पाहून घेते. आणि मी पाहत असताना ती माझ्याकडे पाहत असते.