सिमेंटचं ठिगळ

बार्शीटाकळीच्या आमच्या आळीत नत्थुजींना सगळे कप्तान म्हणतात. ते कप्तान कधीच नव्हते. ‘संभार’ नावाच्या एका छोट्या लष्करी मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत ते एकवीस वर्षं राबले. बेटांवरच्या चौक्यांना तांदूळ, रॉकेल, टपाल आणि कधी दारूगोळा पोचवायचा, एवढंच त्या जहाजाचं काम. निवृत्तीनंतर नत्थुजी दर सव्वीस जानेवारीला शाळेत भाषण ठोकायचे आणि मी, मुख्याध्यापक, मुकाट ऐकायचो. लाटा दरवर्षी थोड्या उंच व्हायच्या.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाला, पियुषला, एका खाजगी मालवाहू जहाजावर नोकरी लागली. त्याने फोटो पाठवला. नाव नवं, रंग नवा, पण पुढच्या टोकाचा जुना पोचा बघून नत्थुजींनी ‘संभार’ ओळखलं. पोराला लगेच फोन करून सांगितलं, आळीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या ओट्यावर आले, ते चेहरा पाडूनच.

“मास्तर, त्या जहाजाच्या बुडाले भोक आहे.”

बारा वर्षांपूर्वी लेकीचं, रागिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. नेमका तेव्हाच इंजिनाखालचा पत्रा गंजून भोक पडलेलं त्यांना दिसलं. कळवलं असतं तर जहाज गोदीत गेलं असतं आणि यांची रजा बुडाली असती. त्यांनी आतून सिमेंट थापलं, वर रंग मारला आणि गाव गाठलं. पुढे जहाज सेवेतून निघालं. भंगारात गेलं असेल, असं त्यांनी धरून टाकलं.

“मंग दोन दिवस गप काहून बसले तुमी?”

“कप्तान म्हणून राहिले ना लोकं मले.”

मला भयंकर राग आला. पियुषचा फोन लागेना. मी जहाजमालकाच्या कचेरीत लावला. जहाज पहाटेच सुटलं होतं. मी ठिगळाचं सांगितलं, तर कारकून हसला.

“माहीत आहे, सर. इंजिनियर ते फोडून बघणार होता. पियुषनेच थांबवलं. म्हणाला, माझ्या वडिलांनी एकवीस वर्षं सांभाळलेलं जहाज आहे, कच्चं काम असायचं नाही.”

फोनचा स्पीकर चालू होता. नत्थुजींनी सगळं ऐकलं.

“पण सर, ते कच्चं आहे असं म्हणतंय कोण?” कारकुनाने विचारलं.

मी फोन नत्थुजींपुढे धरला.

“म्याच केलं ते,” ते म्हणाले. “बलावा जहाजाले माघारी.”

कारकुनाचं हसणं थांबलं. त्याने थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळाने तो परत आला.

“काका, रेडिओवर बोलावतोय. कोणी उत्तर देत नाहीये.”