सारवलेला कॅनव्हास

ओल्या गेरूचा वास आला की नाशिकच्या आर्ट कॉलेजातला एक तास आठवतो. आधुनिक चित्रकला शिकवून झाल्यावर सरांनी आजवर कुणीच केलं नाही असं काहीतरी करायला सांगितलं होतं. सुरगाण्याच्या माझ्या मित्राने, लग्नघराची भिंत सारवतात तसा, कॅनव्हास शेणाने सारवून वर गेरू फिरवला. सरांनी लांबूनच पाहिलं. "नुसता एकच रंग? हे युरोपात कधीच करून झालंय." "सर, चित्र अजून काढायचं हाय, सारवण वाळू द्या," तो म्हणाला, तोवर सर पुढे गेले होते. चित्राच्या पांढऱ्या रेघांसाठी कालवलेलं तांदळाचं पीठ त्याने बेसिनमध्ये ओतलं आणि गावाकडची जीप पकडली. तो परत आलाच नाही. मी अजून चित्रं काढतो; जे काढावं ते कुणीतरी आधीच काढलेलं असतं. त्या गेरूवर येणार होतं, तेवढं एक चित्र मात्र अजून कुणीच काढलेलं नाही.