गुडघ्याच्या उंचीवर

बिबट्यांच्या पाहणीसाठी मला महिनाभर मुरबाडच्या जंगलात जायचं होतं. कॅमेरे आले, बूट आले आणि बाबा गोठ्यात घसरून पडले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काय उगाच! खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. बाबा मात्र पडवीतल्या खाटेला चिकटले ते चिकटलेच. आईला एकटीला त्यांना उठवून मोरीपर्यंत नेणं जमत नव्हतं. मी गेले तर तिचं कसं व्हायचं? संध्याकाळी पाहणीच्या सरांना फोन करून 'दुसरं कुणी बघा' असं सांगायचं मी ठरवलं होतं. मला बाबांचा राग येत होता, आणि राग येतो याची लाजही वाटत होती.

कॅमेरे परत द्यायचे तरी तपासून द्यावेत, म्हणून एक मी अंगणातल्या शेवग्याला बांधला, गुडघ्याच्या उंचीवर. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. तो जनावराला नीट टिपतो का, हे बघायची आमची रीत सोपी आहे: स्वतःच जनावर व्हायचं. मी अंगणात रांगू लागले. कोंबड्या पळाल्या.

"काय चाललाय गो?" बाबांनी खाटेवरून विचारलं.

"वाघ झालेय." आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

"वाघ नाय, गाभण म्हस वाटतेस."

"मग तुमीच दावा ना!" मी चिडून म्हणाले.

गुरं राखायच्या वयात बाबांनी उंबरमाळीच्या रानात वाघ पाहिला होता. ती गोष्ट दर वेळी वाघासकट मोठी व्हायची. आता त्यांना राहवेना. खाटेला धरून ते उठले, भिंतीला टेकवलेली काठी घेतली. मी धावले तशी माझ्यावरच ओरडले, "सर बाजूला! वाघाला कोण हात धरून चालवतो का?"

मान खाली, खांदे हलवत ते पायरी उतरले आणि शेवग्यापुढून गेले. वाघ असा मुळीच चालत नाही. पण मला रडू येत होतं.

आई शेतावरून आली तेव्हा बाबा काठी टेकत एकटेच मोरीकडे निघाले होते. ती जागीच थांबली. मी तिला लॅपटॉपवर फोटो दाखवला. त्यात लेंगा होता, काठी होती आणि दोन पाय, एक टेकलेला, एक उचललेला.

"तोंडच नाय आला," आई म्हणाली.

"पाय आलेत ना," मी म्हणाले, आणि येतेय म्हणून सांगायला सरांना फोन लावला.