पिंपांवरचं दार

यमुनेच्या पुरात माझी ड्यूटी लागली, ती काही मी पोहणारा म्हणून नव्हे. मला गुडघाभर पाण्यातही घाम फुटतो. कायद्याने होडी कशाला म्हणायचं, या विषयाच्या फायली माझ्याकडे असत, एवढीच माझी लायकी.

काठावर हवालदार बिननोंदणीच्या होड्या जप्त करत होता. समोर एका माणसाने चार निळ्या पिंपांवर घराचं दार बांधलं होतं आणि पायाच्या अंगठ्याने तो एकेक गाठ दाबून बघत होता. पलीकडे झोपडीच्या छपरावर एक बाई दोन पोरांना धरून बसली होती. पाणी छपराला टेकलं होतं.

“ये नाव नहीं, दरवाजा है,” तो म्हणाला. “उधर मेरी बहन है.”

“साहब, आप बताओ,” हवालदार माझ्याकडे वळला. “नाव है क्या?”

पाण्यावरून माणसं नेतं ते सगळं कायद्याने होडीच, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण ‘हो’ म्हटलं की दार जप्त. तिकडे बाईने धाकट्याला खांद्यावर घेतलं. माझ्या तोंडून उभ्या नोकरीची सवय बाहेर पडली.

“मामला विचाराधीन है. फैसले तक जब्ती नहीं होगी.”

हवालदारही सरकारी माणूस. तो बाजूला झाला.

दार डगमगत गेलं आणि तिघांना घेऊन आलं. बहिणीला उतरवून त्याने वल्ह्यासारखा वापरलेला बांबू पुन्हा उचलला.

“फैसला हुआ, साहब?”

“अजून नाही,” मी घाबरून चक्क मराठीत बोललो.

त्याला ते कळलं असावं. शेजारच्या छपराकडे तो निघालासुद्धा.