मथुरावहिनीचं सौरघटाचं गणित

आमच्या मथुरावहिनीसारखी हट्टी बाई अख्ख्या जयगडात नव्हती, आणि हे मी तिचा सख्खा दीर असून अभिमानाने सांगतो. १९८६ साली गावच्या बालवाडीला दहावी पास बाई हवी होती. माझा भाऊ धाकू जहाजावर, घरात दोन पोरं आणि सासू. तरी तिशीतल्या वहिनीने बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. आदल्या वर्षी ती विज्ञानात आपटली होती. यंदाही तेच झालं असतं, तर बालवाडी हातची गेली असती.

शिकवायला मी! सरावातलं एक गणित आम्हा दोघांना छळत होतं. एक चौरस मीटरवर हजार वॅट ऊन पडतं, सौरघटाची कार्यक्षमता दहा टक्के, तर साठ वॅट विजेला किती क्षेत्रफळाचे घट लागतील?

“धाच टक्के?” आई पडवीतून ओरडली. “मंग नापासच की त्यो!”

वहिनीने साठाला हजाराने भागलं आणि जे आलं त्याचे दहा टक्के काढले. उत्तर आलं साठ चौरस सेंटीमीटर. मी ऐटीत “बरोबर” म्हणून मोकळा झालो.

वहिनी मात्र स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली. “भावजी, हाताच्या पंज्याहून बारीक तुकड्यावर साठचा बल्ब पेटंल?”

“पुस्तकातला बल्ब आहे, पेटेल.”

“नाय पेटायचा. लावणीला गडी आळशी मिळालं, तर आपुन गडी वाढवतो का कमी करतो?”

तिने पाटी पुसली. हजारातले शंभरच वॅट हाती येणार, मग साठ वॅटला शून्य पूर्णांक सहा चौरस मीटर जागा हवी. तेवढ्यावर न थांबता तिने अंगणात कोळशाने मीटरभर लांब, साठ सेंटीमीटर रुंद चौकोन आखला आणि भोवती फिरून पाहिला.

“आता पेटंल,” ती म्हणाली.

परीक्षेला आकडे बदलून तेच गणित आलं. रत्नागिरीच्या केंद्राबाहेर मीच येरझारा घालत होतो. वहिनी बाहेर आली ती हसतच. निकाल लागला, वहिनी पास झाली आणि बालवाडीत रुजूही झाली. मी गावभर पेढे वाटले, जसा काही मीच पास झालो होतो.

दिवाळीत धाकू रजेवर आला आणि थेट बालवाडीच्या दारात जाऊन उभा राहिला. एका चिमुरडीने त्याला अडवलं, “तुमी कोन?”

देशोदेशीची बंदरं पालथी घातलेल्या माझ्या भावाने चपला काढल्या, सदरा नीट केला आणि म्हणाला, “मी बाईंचा नवरा.”