कोपराने पाणी बघणारे तात्या

पाण्यात उतरण्याआधी तात्या त्यात कोपर बुडवायचे. आमच्या हॉट टबच्या काठावर तापमानाचा आकडा चांगला ठळक दिसायचा. तरी बाही वर करून, टबाचा काठ धरून, कोपर पाण्यात. क्षणभर डोळे मिटायचे आणि मग निकाल : "जमलं." नाहीतर, "चटका हाय, थांबा." बाळंतिणीच्या घरी लेकराच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. एकदा मी म्हटलं, "तात्या, मशीन सांगतंय ना." तर म्हणाले, "जावईबापू, मशीनला कातडं हाय का?"

तात्या म्हणजे माझे सासरे. गाव अजिंठ्याजवळ, घरची कपाशी आणि मका. सासूबाई गेल्यावर ते तिथं एकटेच राहत. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि माझी बायको सुनंदा त्यांना शहरात, पुंडलिकनगरला आमच्या घरी घेऊन आली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवेपर्यंत त्यांचा चहा निवून जायचा. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, ऑपरेशनची घाई नाही, शेक आणि व्यायाम मात्र रोज हवा. तात्यांना एवढंच विचारायचं होतं, "मी गावाकडं एकटा कवा राहू?" डॉक्टरांनी सोपं सांगितलं : "जमिनीवर बसा आणि कुणाचा हात न धरता उठा. त्या दिवशी खुशाल जा."

टब मी तात्यांच्या गुडघ्यांसाठी घेतला, असं नातेवाइकांत सांगतो. खरं म्हणजे चितेगावच्या कंपनीत दिवसभर खुर्चीत बसून माझीच कंबर धरली होती आणि साहेबांच्या बंगल्यावर असला टब बघितल्यापासून मला चैन पडत नव्हती. मी घेतला तो हवा भरून फुगवायचा, स्वस्तातला. मागच्या अंगणात स्कूटर हलवून मांडला आणि हौसेने घरची टाकी त्यात रिकामी केली. आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे त्या क्षणी डोक्यातून साफ गेलं होतं. संध्याकाळी सुनंदा खरकट्या भांड्यांचा ढीग घेऊन टबाशी येऊन उभी राहिली. "यातच घासू का? गरम पाण्यात तेलकट छान निघतं." शेवटी टँकर मागवला. तो गल्लीत अडकला, आणि भिंतीपलीकडच्या मोरेकाकूंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "म्हशी घेतल्या का हो?"

तात्या मात्र पाण्यात यायला तयार होईनात. "एकाच्या बसल्या पाण्यात दुसऱ्यानं बसायचं? नाय बा." मी गाळणी दाखवली, पाण्यात टाकायचं औषध दाखवलं. त्यांनी शांतपणे अट घातली. आधी साबण लावून अंघोळ, मग टब. मलासुद्धा. कंपनीतून आलो की मी थेट टबात उडी मारणार होतो, ते स्वप्न तिथंच संपलं. पण या अटीमुळे पाणी खूप दिवस स्वच्छ राहायचं, आणि बदलायची वेळ आली की ते अंगण धुवायला आणि संडासात टाकायला कामी यायचं. मोरेकाकूंनी मग म्हशींचा विषय काढला नाही.

रोज संध्याकाळी, जेवणाच्या आधी, पंधरा-वीस मिनिटं. तात्या बसायचे आणि पाण्यातल्या पाण्यात गुडघा वाकवायचे, सरळ करायचे. जमिनीवर जो पाय उचलताना कपाळावर आठ्या पडत, तो पाण्यात अलगद वर यायचा. "पाणी वजन घेतं. आपुन निस्तं सांगायचं, चल." पाण्याने झीज भरून येत नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सांधे सैल होत, दुखणं कमी होई आणि त्या मोकळ्या झालेल्या पायांनी ते गल्लीत फेरी मारून येत. झोप लागायला लागली. माझीही कंबर सुटली, पण त्याचं कारण मी शोधायला गेलो नाही. तात्यांनी शोधलं : "कंबर पाण्यानं नाय सुटली. एवढा येळ मोबाइल हातात नसतो, म्हणून सुटली."

भरल्या पोटी उतरू नका, फार तापवू नका, हे तात्या सारखं बजावायचे. त्यांचं ऐकलं नाही तो एक रविवार माझ्या चांगला लक्षात आहे. तात्या फेरीला गेले होते. दुपारी मटणावर ताव मारून मी टबात उतरलो, आकडा चढेल तितका चढवला आणि तासभर डुंबलो. कोपरबिपर काही नाही. फाटकाचा आवाज आला म्हणून ऐटीत उभा राहिलो, तर डोळ्यांपुढे अंधार. हाताला लागलं ते धरलं. ती कपड्यांची दोरी होती. तिचं दुसरं टोक मोरेकाकूंच्या खांबाला. त्यांच्या दोन साड्या आणि काकांची चट्ट्यापट्ट्याची चड्डी घेऊन मी परत पाण्यात बसलो.

"उठू नका!" तात्या ओरडले. ज्या माणसाला फाटकापासून टबापर्यंत यायला एरवी केवढा वेळ लागायचा, तो झपझप आला. मला खांद्याला धरून काठावर टेकवलं, पाणी पाजलं. भिंतीवरून काकूंचा आवाज आला, "माझ्या साड्या कशाला उकळताय?" तात्या म्हणाले, "थांबा बाई, आधी जावई गाळून काढतो." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी चालू केली आणि तात्यांचेच नियम मला पुन्हा ऐकवले. भरल्या पोटी नको, फार तापवायचं नाही, हळू उठायचं, पाणी पीत राहायचं.

दर रविवारी सकाळी हॉलमध्ये तात्यांची परीक्षा असायची. सतरंजीवर मांडी घालून बसायचे, मग उठायला जायचे. निम्म्यात आले की थरथरायचे, आणि मी हात पुढे करायचो. ते हात धरायचे, म्हणजे नापास. तीनचार रविवार असंच झालं. एकदा सुनंदाने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुम्ही हात जरा लवकरच देता, असं नाही वाटत?" मी म्हटलं, "अगं, पडले असते." ती म्हणाली, "पडत नव्हते. आणि संध्याकाळी टबात तुम्हाला सोबत लागते, ते मला कळतं."

पुढच्या रविवारी मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तात्यांनी एक गुडघा टेकवला, दुसऱ्यावर तळवा ठेवला, माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. कपड्यांची सळसळ ऐकू आली, मग मोठा श्वास. खाली बघितलं तर तात्या उभे होते. "काय जावईबापू, आज हात आखडला व्हय?"

आठवड्याने ते गावाकडं गेले. स्टँडवर गाडीत चढताना कंडक्टरने हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. खिडकीतून मला म्हणाले, "कोपर घालत जा." तेवढंच.

आता मी एकटाच बसतो. आधी साबणाने अंघोळ, मग कोपर. तात्यांचा फोन याच वेळेला येतो. गावाकडं टब नाही, पण बंबातलं पाणी आहे, शेक घेतात, शेतात जाऊन येतात. "गुडघे बरे हायत," म्हणतात. मी म्हणतो, "वा!" मग विचारतो, थंडीत कसं जमेल? "बघू. आखडले तर येतो चार महिने."

थंडीत सांधे आखडतात, असं डॉक्टरसुद्धा म्हणाले होते. टबावर नवीन झाकण आणलंय, स्कूटर अजून बाहेरच उभी असते. यंदा थंडीच जरा उशिरा पडतेय.