पूजेला बंद केलेलं मशीन

संघपाल सोलापुरातल्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचा. नऊ वर्षं झाली होती, पण कागदावर एकदाही वर्ष भरलं नव्हतं. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी बसायचं आणि मालकांचा फोन आला की पुन्हा अकरा महिने. तो एक दिवस संघपाल फोन हातातून खाली ठेवत नसे. एकदा कायमची ऑर्डर हातात पडावी, एवढंच त्याचं मागणं.

लॅबच्या शाखा बार्शी, माढा आणि केमला. तिथले आकडे सोलापूरच्या एका जुन्या मशीनवर यायचे, इथले डॉक्टर सही करायचे, मग रिपोर्ट तिकडे निघायचा. आणि हे मशीन म्हणजे एक नंबरचं विसरभोळं! शाखांशी बोलायला त्याला नेटवर्कचं एक कार्ड लागायचं, खरंखुरं नव्हे, नुसतं मानलेलं, आणि त्या कार्डाची एक फाइल. मशीन बंद होऊन चालू झालं की फाइल गायब. मग संघपालनं दोन ओळी टाइप करायच्या, की फाइल तयार आणि शाखा जोडलेल्या. ही विद्या लॅबमध्ये दुसऱ्या कुणालाच नव्हती.

"ती फाइल कायमची करता येत न्हाय व्हय?" बायकोनं, बुद्धप्रियानं, एकदा विचारलं.

"येती की. चार ओळी जास्त लिहायच्या."

"मग लिहू नका. ती कायम झाली तर तुमाला कोण विचारतंय?"

संघपाल हसला. पण खोटं कशाला बोला, त्यानंतर त्यानं ते काम मुद्दामच टाळलं. मालक महेश्वर सरांनाही घाई नव्हती. मशीन बंदच करायचं नाही, हा त्यांचा नियम.

आणि खंडेनवमीला त्यांनीच ते बंद करायला लावलं! यंत्राची पूजा म्हटल्यावर यंत्र थांबलेलं नको का? हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. संघपाल तेव्हा बायको-लेकीला घेऊन नागपूरच्या बसमध्ये होता. आयुष्यात पहिल्यांदा दीक्षाभूमीला निघाला होता बिचारा. तुळजापूर आलं आणि रिसेप्शनवरच्या ऋतुजाचा फोन वाजला.

"दादा, पूजेनंतर मशीन चालू केलं, पण एकबी शाखा लागंना. केमला चिमाबाई म्हणून म्हातारी हाय, रिपोर्ट येईस्तवर खायाचं न्हाय म्हणून सकाळपासून उपाशी बसलीय. फोनवर सांगितलेला रिपोर्ट तिथले डॉक्टर मानंनात."

त्यानं ओळी सांगितल्या, तिनं टाइप केल्या. दर वेळी काहीतरी चुकायचं, मधेच रेंज जायची. शेवटी तो उतरला. बायको-लेक पुढे गेल्या. "उद्या गाठतो तुमाला," तो म्हणाला, आणि बुद्धप्रियानं खिडकीतून मान फिरवली.

नवरात्राच्या गर्दीत परतीची गाडी लवकर मिळेना. तो लॅबमध्ये पोचला तेव्हा चिमाबाई रिपोर्ट न घेताच गावी निघून गेली होती. संघपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या भाकरीसाठी आपण एका म्हातारीला दिवसभर उपाशी ठेवलं! त्यानं फाइल बनवली, शाखा जोडल्या आणि मग तिथंच बसून त्या चार ओळीही लिहून टाकल्या.

सर खुर्ची ओढून शेजारी बसले. संघपालनं मशीन बंद केलं, चालू केलं आणि हात मांडीवर ठेवले. बार्शी लागलं, माढा लागलं, केम लागलं.

"परत कर बघू."

परत लागलं.

"म्हणजे आता कुणी नसलं तरी चालतंय हे?"

"व्हय सर."

"लई भारी!" सर मनापासून खूश झाले आणि त्यांनी त्याच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं.

पुढच्या महिन्यात त्याचे अकरा महिने भरले. एक दिवस तो घरी बसला. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्यानंच ऋतुजाला लावला. ऑर्डरचं विचारायला जीभ रेटेना.

"शाखा लागतेत का गं?"

"लागतेत की दादा," ती म्हणाली. "काल दोनदा लाइट गेली, तरी आपोआप लागल्या."